वजनांची अट

“सर, तिसऱ्या शीटवर ‘सर्वांत मोठं वजन’ असं हवं ना?”

कागल मागे पडल्यावर मी एकदाचं विचारून टाकलं. कोल्हापुरात गाडीत बसल्यापासून हे वाक्य मी मनात नाना प्रकारांनी जुळवून पाहिलं होतं आणि प्रत्येक वेळी गिळलं होतं.

पुढच्या सीटवर बसलेल्या तेरदाळकर सरांनी मान वळवली नाही. “काय हवं?”

“तुम्ही लिहिलंय, प्रत्येक वजन एकूण बेरजेपुढे नगण्य होत गेलं की पुरे. मला वाटतं, त्या-त्या टप्प्यावरचं जे सर्वांत मोठं वजन असेल, ते नगण्य व्हायला हवं.”

“प्रत्येकच नगण्य होतंय, मग मोठं राहिलं कुठलं? रात्री झोपली नाहीस वाटतं, मगदूम.”

काकू, सरांच्या पत्नी, हसल्या. गाडी त्या चालवत होत्या. पूर्वी सर स्टिअरिंगला कुणाला हात लावू द्यायचे नाहीत, पण दिवाळीपासून त्यांनी गाडी चालवणं सोडलं होतं. उन्हाचा डोळ्यांना त्रास होतो, असं काकूंनी मला सांगितलं होतं.

मी हसले नाही. झोप खरंच झाली नव्हती.

मी तेव्हा सरांकडे संख्याशास्त्रात पीएच.डी. करत होते. धारवाडच्या परिषदेत त्या दुपारी सरांचं व्याख्यान होतं. पुढच्या वर्षी ते निवृत्त होणार होते, त्यामुळे हे त्यांचं शेवटचं मोठं व्याख्यान, असं डिपार्टमेंटमध्ये सगळे धरून चालले होते. प्रोजेक्टरवर दाखवायच्या प्लास्टिकच्या शीट माझं अक्षर बरं म्हणून माझ्याकडे आल्या होत्या. सरांच्या कागदांवरून त्या उतरवून काढताना मी तिसऱ्या शीटवर अडकले.

सरांचा विषय सांगायला सोपा आहे. एकमेकींशी काही संबंध नसलेल्या पुष्कळ बारीकसारीक गोष्टींची बेरीज करा. त्या गोष्टी कशाही वागोत, बेरजेचा आलेख घंटेच्या आकाराचा होत जातो. मधे उंच, दोन्ही बाजूंना उतरता. आता प्रत्येक गोष्टीला वेगळं वजन द्या. कुणाला जास्त मोजा, कुणाला कमी. तरीही घंटा येईल का? कोणत्या अटीवर येईल? सरांनी उभं आयुष्य या अटींवर काढलं होतं. आणि आता त्यांनी जुनी, कडक अट काढून तिच्या जागी एक साधी, सैल अट ठेवली होती. त्यावर पुढचं सगळं उभं होतं.

ती सैल अट मला पटत नव्हती. पण सरांच्या हातून चूक झाली, यापेक्षा माझं डोकं चालत नाही हे पटायला सोपं होतं. हा माणूस परदेशी जर्नलातला लेख चहा पिता पिता वाचायचा आणि कप खाली ठेवायच्या आत चुकीच्या ओळीवर बोट ठेवायचा. मी परिषदेची निमंत्रणपत्रिका उलटी करून मांडीवर घेतली आणि पेन काढलं. वजनं कशी घेतली तर ही अट मोडेल?

निपाणी आली. रस्त्यावर तंबाखूचा उग्र वास होता. काकूंनी काच वर केली. सर खिडकीबाहेर बघत कसलीशी चाल गुणगुणत होते.

नाणी घेऊ, मी ठरवलं. छापा पडला तर अधिक, काटा पडला तर उणे. पहिल्या नाण्याला वजन एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला चार. दर वेळी दुप्पट. कोणतंही एक नाणं धरून ठेवलं, तर पुढे येणाऱ्या नाण्यांपुढे ते नगण्य होत जातंच. म्हणजे सरांची अट पुरी होते. आता बेरीज. तीन नाण्यांची उत्तरं मी लिहून काढली: उणे सात, उणे पाच, उणे तीन, उणे एक, एक, तीन, पाच, सात. प्रत्येक उत्तर एकेकदा. कुठेही उंचवटा नाही. चार नाणी घेतली तरी तेच. घंटा नाहीच, टेबलासारखा सपाट आलेख.

नवं येणारं प्रत्येक नाणं आधीच्या सगळ्यांपेक्षा भारी पडत होतं. प्रमेय पडलं होतं.

तवंदीच्या घाटात मी पेनाला टोपण लावलं. “काकू, चहाला थांबायचं का कुठे?” मी म्हणाले.

संकेश्वरला त्यांनी एका हॉटेलपुढे गाडी लावली. सर हात धुवायला मागच्या बाजूला गेले. काकू माझ्यासमोर बसल्या आणि थेट माझ्याकडे बघत म्हणाल्या, “हेमा, काय झालंय?”

“काही नाही, काकू. घाट लागला.”

“मी मुलींच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवलंय. पेपर अवघड गेलेली मुलगी मला कळते. त्यांचं काही चुकलंय का?”

मी हातातली पत्रिका पर्समध्ये सरकवली.

“मोठं?”

“दोनच शब्दांचं. पण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.”

“असल्या चुका होतात ना तुमच्यात? मोठ्या मोठ्या लोकांच्या होतात म्हणतात.”

“होतात,” मी म्हणाले. आणि तेवढ्यात मला ते आठवलं. आठवलं म्हणजे ऐकूच आलं. एम.एस्सी.चा आमचा वर्ग. सरांनी सगळ्यांना खिशातून, पर्समधून एकेक नाणं काढायला लावलं होतं. पहिल्या बाकापासून वजनं दुप्पट करत नेली होती. प्रत्येकाने आपलं नाणं उडवून ओरडून सांगायचं आणि सर फळ्यावर बेरीज करणार. शेवटच्या बाकावरचा सासने नावाचा मुलगा उभा राहिला तेव्हा सर म्हणाले होते, “हा एकटा आता सगळ्या वर्गाला भारी आहे. म्हणून सांगतो, प्रत्येकाकडे बघू नका, सर्वांत जड कोण ते बघा. ही अट विसरलात तर माझं नाव सांगू नका.”

माझ्या हातातला कप मी बशीत ठेवला, तो वाजला.

“काय?” काकूंनी विचारलं.

“काकू, ही चूक कशी होते ते सरांनीच आम्हाला शिकवलंय. नाणी उडवून. अख्ख्या वर्गाला.”

टेबलावर सांडलेला चहा काकू बोटाने एका कडेला नेत राहिल्या. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, “मंडईतून घरी यायचा रस्ता चुकले होते ते. गणपतीच्या सुमारास. मला म्हणाले, बोलत बोलत पुढे गेलो. कुणाशी बोलत, ते सांगता येईना. भाचीच्या लग्नाला जाऊन आलो आणि चार दिवसांनी विचारतात, तिचं लग्न कधी आहे. डोळ्यांचं मी तुला खोटं सांगितलं. मिरजेला एक डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे चला म्हटलं की चिडतात. आणि मीही फार लावून धरलं नाही. कारण रोज सकाळी ते टेबलाशी बसून लिहायचे, आणि मला वाटायचं, ते चाललंय ना, मग बाकीचं असू दे. मला त्यातलं अक्षर कळत नाही. तुला कळतं.”

मी कप बाजूला सारला.

“बदलून देऊ का मी ती ओळ? त्यांना न सांगता?”

“नाही,” काकू म्हणाल्या. “त्यांना सांग. मला बघायचंय.”

सर रुमालाला हात पुसत आले. “काय खलबतं चाललीत?”

पुन्हा रस्त्याला लागल्यावर हत्तरगीच्या पुढे मी पत्रिका त्यांच्या हातात दिली. “सर, हे बघा ना. नाणी घेतली, वजनं दर वेळी दुप्पट.”

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि कागद डोळ्यांजवळ नेला. वाचायला त्यांना वेळ लागला नाही. त्यांचा चेहरा उजळत गेला, तो मला वरच्या आरशात दिसत होता.

“सपाट येतंय! वा! दर वेळी नवा आलेला भारी. सुरेख! मगदूम, हे तुला कुठे सुचलं?”

आरशातून काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, “असंच, सर. गाडीत.”

“छान आहे. मग माझं प्रमेय झोपलं की!” ते मोठ्याने हसले. “काही बिघडत नाही. सर्वांत मोठं वजन नगण्य हवं, एवढी अट घाल. पुढचं प्रूफ तसंच्या तसं चालतं. बदल ती ओळ.”

खरंच चालत होतं. पुढचं प्रूफ त्यांनी मला गाडीत बसल्या बसल्या तोंडी सांगितलं, कागद न बघता, एकही पायरी न चुकता. मी शीट मांडीवर घेऊन ओल्या रुमालाने जुनी ओळ पुसली आणि नवी लिहिली. इतकं हलकं वाटलं मला! बेळगाव येईपर्यंत मी स्वतःची समजूत घातली की काकू उगाच घाबरल्यात. माणसाच्या हातून एखादी अट निसटते. दाखवल्यावर क्षणात कळलं की नाही त्यांना? बेळगावात काकूंनी कुंदा घेतला. सरांनी गाडीतच डबा उघडून आम्हा दोघींना खायला लावला.

कित्तूर गेलं आणि सर म्हणाले, “मगदूम, तिसरी शीट जरा वाचून दाखव. तिथेच तो हिरेमठ अडवणार मला.”

मी वाचली. नवी ओळ.

“सर्वांत मोठं वजन?” त्यांचा आवाज चढला. “हे कुणी घातलं? तीच तर जुनी अट, ती काढण्यासाठी मी दोन वर्षं घालवली! प्रत्येक वजन नगण्य होत जातं, एवढं पुरे. प्रत्येकच नगण्य होतंय, मग मोठं राहिलं कुठलं?”

शब्द तेच होते, सकाळचे. पत्रिका त्यांच्या शर्टाच्या खिशातून डोकावत होती. काकूंनी गाडी बाजूला घेतली, उगाचच पाण्याची बाटली उघडली, बंद केली आणि गाडी पुन्हा रस्त्यावर आणली. मी “बघते, सर” म्हणाले आणि शीट फाईलमध्ये ठेवून दिली.

धारवाडला पोचलो तेव्हा कॉलेजच्या पायऱ्यांवर हिरेमठ सर उभे होते. सत्राचे अध्यक्ष तेच. दोघे तरुणपणी एका हॉस्टेलवर एका खोलीत राहिलेले. “ये वसंता, म्हातारा झालास की रे!” म्हणत त्यांनी सरांना मिठी मारली आणि आत नेलं. सर त्यांच्याशी जुन्या मेसबद्दल, तिथल्या आचाऱ्याबद्दल बोलत निघाले. नावं, गावं, सगळं बिनचूक.

मागे आम्ही दोघी. “शीट परत पहिल्यासारखी करू का?” मी विचारलं. “व्यासपीठावर गेल्यावर बदललेली ओळ दिसली तर गोंधळतील. जुनी ठेवली तर चुकीचं बोलतील.”

काकूंच्या हातात कुंद्याचा डबा तसाच होता. “त्यांनी आयुष्यात कधी कुणाला चुकीचं शिकवलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “बदललेलीच असू दे. गोंधळले तर गोंधळले.”

सभागृह भरलं होतं. मी प्रोजेक्टरपाशी बसले. शीट बदलण्याचं काम माझ्याकडे होतं. सरांनी सुरुवात अशी केली की मागे कुजबुजणारी मुलं गप्प झाली. घंटेचा आकार निसर्गात का येतो, बेरजेत प्रत्येकाचा आपापला स्वभाव कसा विरघळून जातो, हे ते सांगत होते. मी सरांची पुष्कळ व्याख्यानं ऐकली, पण ते त्या दुपारी बोलले तसं कधीच नाही. पहिली शीट झाली. दुसरी झाली. तिसरी मी काचेवर ठेवली.

सर पडद्याकडे वळले. वाचता वाचता थांबले.

“हे मी लिहिलेलं नाही,” ते म्हणाले.

सभागृहात कुणीतरी खोकलं. सरांनी माझ्याकडे बघितलं. मी उभी राहिले.

“सर, ते मी बदललं.”

“का?”

हा प्रश्न रागाचा नव्हता. वर्गात एखाद्याने काही विधान केलं की ते असंच विचारायचे.

“एक उदाहरण आहे, सर. नाण्यांचं.”

“मग तिथे काय बसलीस? फळ्यावर ये.”

मी गेले. पहिल्या रांगेत हिरेमठ सर खुर्चीत पुढे सरकून बसले होते. शेजारी काकू, पर्स दोन्ही हातांनी धरून. मी फळ्यावर वजनं लिहिली: एक, दोन, चार. आठही बेरजा लिहिल्या. सपाट आलेख काढला. उदाहरण काही दुर्मीळ नव्हतं. तिथल्या निम्म्या लोकांना ते ठाऊक असणार. त्यांना वाटलं, गुरू-शिष्यांनी ठरवून हा प्रवेश बसवलाय. काही जण गालात हसत होते.

सर फळ्याजवळ आले. एकेका बेरजेवरून त्यांनी बोट फिरवलं आणि पुन्हा एकदा, सकाळसारखाच, त्यांचा चेहरा उजळला.

“वा! दर वेळी नवा आलेला भारी! मगदूम, हे तुला कुठे सुचलं?”

‘असंच, सर’ हे शब्द माझ्या तोंडात तयार होते. ते म्हटले असते तर व्याख्यान सुखरूप पुढे गेलं असतं. मी काकूंकडे बघितलं. त्यांनी मान हलवली नाही, खूण केली नाही. मग मी सरांकडे बघितलं. ते माझ्या उत्तराची वाट बघत होते, खऱ्याच उत्तराची.

“तुमच्या वर्गात, सर,” मी म्हणाले.

“माझ्या?”

“हो, सर. एम.एस्सी.ला. तुम्ही आम्हा सगळ्यांना नाणी उडवायला लावली होती.”

त्यांचा हात आपसूक खिशाकडे गेला. त्यांनी ती निमंत्रणपत्रिका बाहेर काढली, उलटी केली आणि माझ्या अक्षरातल्या त्याच बेरजा बघितल्या. पत्रिकेकडे, मग फळ्याकडे, मग माझ्याकडे. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होते. त्यांना सगळं कळलं, ते मी बघितलं. मंडई, भाचीचं लग्न, गाडीची किल्ली, काकूंचं मिरज, सगळं. तशी नजर मी त्याआधी पाहिली नव्हती आणि पुन्हा पाहायची इच्छा नाही.

मग त्यांनी पत्रिकेची घडी घातली, खिशात ठेवली आणि सभागृहाकडे वळले.

“म्हणजे मी बरा शिकवत होतो म्हणायचं,” ते म्हणाले.

सभागृह हसलं. टाळ्या पडल्या. सर पण हसले. “तर मंडळी, माझी सैल अट माझ्याच विद्यार्थिनीने मोडलीय. आता कडक अट घालून पुढे जाऊ.” आणि ते पुढे गेले. एकही पायरी न चुकता, शेवटपर्यंत. फक्त दर शीटनंतर ते एकदा माझ्याकडे बघायचे आणि मी मान हलवली की पुढे बोलायचे.

चहाच्या वेळी लोकांनी त्यांना घेरलं होतं. हिरेमठ सर काकूंपाशी आले. त्यांच्या हातात कप होता, पण ते पीत नव्हते. “वहिनी,” ते म्हणाले, “हे उदाहरण वसंतानं मला हॉस्टेलवर शिकवलेलं आहे. परीक्षेच्या आदल्या दिवशी. कधीपासून आहे हे?”

“सहा-सात महिने,” काकू म्हणाल्या, आणि सकाळपासून पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

निघायच्या आधी सरांनी मला बाहेर बोलावलं. कॉलेजच्या मागे वडाला पार होता, तिथे आम्ही बसलो. त्यांनी खिशातली पत्रिका काढून मांडीवर ठेवली.

“किती वेळा दाखवलंस मला ते?”

“दोनदा, सर. एकदा गाडीत.”

“गाडीत मी काय म्हणालो?”

“वा, म्हणालात.”

ते हसले. “निदान चांगलं ते ओळखता येतंय अजून.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “हे बघ मगदूम. तुझी काकू आता मला जपणार. घरी येणारे सगळे जपणार. मी एकच गोष्ट चारदा सांगितली तरी चौथ्यांदा नव्याने ऐकणार. त्यांचं बरोबर आहे, त्यांना करू दे. तू तसं करायचं नाहीस. बाकी कशात थांबवू नकोस मला. गणितात थांबव.”

“हो, सर.”

“वचन दे.”

मी दिलं.

त्यानंतर वर्षभर मी आठवड्यातून दोनदा त्यांच्या घरी जात राहिले. मिरजेच्या डॉक्टरांनी काकूंना वाटत होतं तेच सांगितलं होतं आणि औषधं दिली होती. जिन्याखाली एक फळा होता. सर लिहायचे, मी खुर्चीत बसायचे. ते चुकले की मी म्हणायचे, “थांबा, सर.” ते लगेच थांबायचे, ओळ पुसायचे, पुन्हा लिहायचे. सुरुवातीला दुपारभरात एखाद्या वेळी थांबवावं लागे. नंतर दर फळ्याला. मग दर दोन ओळींना. कधी ते वैतागून खडू आपटायचे, पण मी गप्प बसले असं कधी झालं नाही. त्या वर्षी आमचा लेख पूर्ण झाला, कडक अटीसकट.

एका दुपारी त्यांनी फळा वरपासून खालपर्यंत भरला. मी पहिल्याच ओळीला तोंड उघडलं होतं, पण पुढची ओळ आली, मग तिच्या पुढची, आणि कोणत्या ओळीला ‘थांबा’ म्हणायचं तेच मला कळेना. चिन्हं ओळखीची होती, त्यांच्या वळणदार अक्षरात नेटकी मांडलेली. त्यांतून काहीच म्हटलेलं नव्हतं. शेवटी त्यांनी खाली रेघ मारली आणि माझ्याकडे वळले.

“बरोबर आहे?”

आतून काकूंच्या भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला.

“नाही, सर,” मी म्हणाले.

“कुठे चुकलंय?”

“पहिल्या ओळीपासून.”

ते फळ्याकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, “मग सोपं आहे. सगळंच पुसायचं.” त्यांनी डस्टर घेतलं आणि फळा पुसला, कोपऱ्यांपर्यंत, अगदी स्वच्छ. हात झटकले. खडू माझ्या हातात दिला आणि स्वतः माझ्या खुर्चीत जाऊन बसले.

“आता तू लिही,” ते म्हणाले. “चुकलीस की मी थांबवतो.”

मी लिहायला लागले. माझ्या मागे ते लक्ष देऊन बसले होते. त्यांच्या श्वासाचा आवाज मला येत होता. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. प्रत्येक ओळीनंतर मी थोडी थांबायचे आणि मग पुढे लिहायचे. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. मी फळा भरला, पुसला, पुन्हा भरला. सरांनी मला एकदाही थांबवलं नाही.